घरची पेटी आणि तिची किल्ली

कोलकात्याच्या बेहाला भागात बडिशा नावाची जुनी वस्ती आहे. तेथे सावर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याच्या वाड्यात घराण्याच्या जुन्या वस्तूंचे व कागदपत्रांचे संग्रहालय आहे. १० नोव्हेंबर १६९८ रोजी याच घराण्याकडून सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला १३०० रुपयांत मिळाले. पुढे जॉब चार्नॉक हा कोलकात्याचा संस्थापक म्हणून प्रसिद्ध झाला. घराण्याच्या परिषदेने त्याविरुद्ध दाद मागितली. २००३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने इतिहासतज्ज्ञांच्या अहवालाच्या आधारे, चार्नॉक हा शहराचा संस्थापक नव्हे, असा निर्णय दिला. जुन्या कागदांची गरज अशी तीनशे वर्षांनीही पडू शकते.

आजच्या कुटुंबाचे कागद मात्र लाकडी पेटीत नसतात. सातबाराचा उतारा, मुलांची गुणपत्रके, आजीचे छायाचित्र हे सारे फोनमध्ये असते आणि तेथून कोणत्या तरी कंपनीच्या संगणकावर जाते. या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणतात. नाव ढगाचे असले, तरी वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा संगणकच होय. तेथील नियम मालक ठरवतो. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. ऑर्कुट हे संकेतस्थळ तर २०१४ मध्येच मिटले. यात कंपन्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. भाडेकरूला घर कधी तरी सोडावे लागणारच.

म्हणून काही लोक आपला सर्व्हर घरीच ठेवतात. एक लहान संगणक, मोठी हार्ड डिस्क आणि नेक्स्टक्लाउडसारखे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. फोनमधील छायाचित्रे आपोआप घरच्या डिस्कवर उतरतात. हा विचार स्वागतार्ह आहे. पण पेटी घरी आली, की तिची राखणही घरच्यांकडेच येते, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते.

परगावी असताना घरचे कागद पाहायचे, तर सर्व्हरला बाहेरून दार ठेवावे लागते. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तारेवरून जाणारे पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तेथील संशोधक टाटू यूलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही सुरक्षित जोडणीची पद्धत तयार केली. तीत किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक किल्ली सर्व्हरवर राहते, तर दुसरी, गुप्त किल्ली, मालकाच्या संगणकातून बाहेर पडत नाही. ही सोय असताना केवळ पासवर्डवर दार उघडे ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. अंदाजाने पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. त्याहून बरे म्हणजे बाहेरील जगाला सर्व्हर दिसूच न देणे आणि व्हीपीएन या खासगी वाटेनेच घरी पोहोचणे. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची अनेक साठवण-यंत्रे कुलूपबंद केली आणि मालकांकडे बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली.

चोर मात्र एकटा नसतो. २० मे २०२० रोजी अंफान वादळ आले, तेव्हा कोलकात्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. त्या घरांतील कागदांना दुसरी प्रत कोठली? एकाच संगणकात दोन डिस्क बसवून निर्धास्त होणारे लोक आहेत. एक डिस्क बिघडल्यास दुसरी उपयोगी पडते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते आणि आगीत दोन्ही जळतात. तेव्हा सांकेतिक कुलूप घातलेली एक प्रत दुसऱ्या गावी, नात्यातल्या कोणाकडे तरी असलीच पाहिजे. तिच्यातून एखादी फाइल अधूनमधून परत उघडूनही पाहावी. ज्याला महिन्यातून एक तासही या कामाला देता येत नाही, त्याने कंपनीला पैसे द्यावेत. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत राहूनच जाते. सर्व्हर बसवणारा कुटुंबात एकटाच असतो. पासवर्ड त्यालाच ठाऊक, गुप्त किल्ली त्याच्याच संगणकात. उद्या तो आजारी पडला, तर त्याच्या पत्नीला स्वतःच्या लग्नाची छायाचित्रेही उघडता येणार नाहीत. किल्लीची एक प्रत आणि पेटी उघडण्याची रीत साध्या कागदावर लिहून, पाकिटात घालून तिच्या हाती द्यावी आणि एकदा तिच्याकडूनच ती पेटी उघडवून घ्यावी.