सांधा चुकलाय, टेप लावा!

एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये पत्र्याचा ट्रे केलेला आठवतोय? केला होता, की 'करून घेतला' होता? माझा मी स्वतः केला होता, पण एक कोपरा उघडा राहिला. सबमिशनच्या आदल्या रात्री जाग आली, सकाळी त्यात सोल्डर ओतलं, वर पॉलिश पेपर मारला आणि दहापैकी आठ मिळवले. आता सांगायला हरकत नाही, ते मार्क काही कुणी परत घेत नाही.

गेल्या सुट्टीत ट्रेनिंगला एका साइटवर एसीच्या डक्टिंगचं काम बघत होतो. ६०० बाय ४०० चा जीआय डक्ट, लाइन टांगून झालेली, शेवटचा तुकडा राहिलेला. फ्लँजला फ्लँज लागेना. एक कोपरा बोटभर खाली, भोकं समोरासमोर येईनात. मी आणि हेल्परने पहारीने कोपरा उचलला, दोन बोल्ट कसेबसे घुसवले, फटीत सिलिकॉन भरलं, वरून अॅल्युमिनियम टेप. खालून बघितलं तर एकदम झकास!

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शिडीवर चढले, टेपवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, खोला. चूक हितं नाय, मागं हाय."

त्यांनी आधी तुकड्याचे कर्ण मोजले. ६०० बाय ४०० चे दोन्ही कर्ण ७२१ मिमी यायला हवेत. आमचा एक ७३०, दुसरा ७१२. म्हणजे आयताचा समांतरभुज चौकोन झालेला! साइटवर त्यावर इतर माल रचला होता, त्यात तो कलला. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यांनी ठोकत ठोकत तो सरळ केला. मग एएचयूपासून दोरी ताणली. तिसरा हँगर खाली उतरलेला. थ्रेडेड रॉडचे नट फिरवून डक्ट दोरीला आणला. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत निमुळत्या पिना, नवं गास्केट, सगळे बोल्ट आधी हातानेच, आणि शेवटी आलटूनपालटून आवळले. अर्धा दिवस गेला. पहार कोपऱ्यात तशीच पडून होती.

आमची टेप ठेवली असती तर? ओढून बसवलेलं गास्केट एका बाजूला चेपतं, दुसरीकडे सुटतं. थंड हवा फॉल्स सीलिंगमध्ये जाते, पावसाळ्यात तिथे पाणी धरतं, छताला डाग पडतात. टोकाच्या खोलीत हवा पोचत नाही आणि सगळे एसीला शिव्या देतात.

कधी कधी खरंच बीम आडवा येतो, तेव्हा कितीही सरळ करा, उपयोग नाही. मग माप घेऊन कमी उताराचा ऑफसेट तुकडा बनवायचा. काही जण अशा वेळी कॅनव्हास लावून मोकळे होतात. अहो, कॅनव्हास ब्लोअरची थरथर डक्टमध्ये जाऊ नये म्हणून असतो, आपला वाकडेपणा झाकायला नाही!

माझी तक्रार मिस्त्रींबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. फ्रिक्शन लॉस आपण चार्टवरून काढतो, पत्र्याची जाडी आयएस ६५५ मध्ये मिळते, पण दोन तोंडं जुळली नाहीत तर कुठून मोजायला लागायचं, हे वायव्हाला एकदाही कुणी विचारलेलं नाही. उलट आपण शिकतो ते लपवणं, कारण मार्क दिसण्याला आहेत. फाइलिंगच्या जॉबलाही हाच न्याय. मॅचिंग प्रकाशासमोर धरून बघणारे सर होते एक, त्यांना आपण 'खडूस' म्हणायचो.

म्हणून सरांना एक विनंती. वर्कशॉपमागच्या भंगारात डक्टचे जुने तुकडे पडलेत. त्यातले दोन मुद्दाम वाकडे करून टी.ई.च्या बॅचला द्या, हँगरही एक खाली ठेवा. जर्नलमध्ये फक्त चूक कुठे सापडली आणि काय केलं, एवढंच लिहायचं, मार्क त्यालाच. पहार आणि टेप मात्र त्या दिवशी टूलरूममध्ये कुलपात असू द्या.