पडद्यावरचे मापात पाप

वजनमापांचा निरीक्षक ठरावीक मुदतीने दुकानात येतो, काटा तपासतो, वजनांवर शिक्का मारतो. बिनशिक्क्याचे वजन वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. काट्याखाली लोहचुंबक चिकटवणारा वाणी सापडला तर त्याला दंड होतो आणि आळीत छीःथू होते ती वेगळीच. मराठी ग्राहकाने या अपराधाला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे: मापात पाप. आता दुकान भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले आहे. काटा गेला, पाप मात्र गेले नाही. ते पडद्याच्या मांडणीत शिरले, आणि तेथे शिक्का मारायला कोणी फिरकत नाही.

ऑनलाइन दुकानाचे संकेतस्थळ 'परिणामकारक' कसे करावे, हे शिकवणारा एक मोठा धंदाच आज उभा आहे. शब्द निरुपद्रवी दिसतो. परंतु परिणाम कोणावर आणि कोणाच्या लाभासाठी, हा प्रश्न विचारताच त्याचे सोंग उतरते. या धंद्यात परिणामाचे माप एकच: आलेल्या शंभरांपैकी किती जणांनी पैसे भरले आणि सरासरीने किती भरले. किती जणांना हवी होती तीच वस्तू मिळाली, कितींनी नको असलेली घेतली, याचा रकाना त्या वहीत नसतो. एकाच पानाचे दोन नमुने करून ते ग्राहकांच्या दोन गटांना दाखवायचे आणि ज्याने अधिक गल्ला जमेल तो ठेवायचा, ही येथली सर्वमान्य रीत आहे. म्हणून कोणा एका दुष्टाने कपट योजण्याची गरजच उरत नाही. नफ्याची चाळणी आपोआप चालते आणि कपट तेवढे तिच्यावर उरते. मालकाला हात झटकून मोकळे होता येते, हा वर फायदा.

त्या कपटाचे नमुने पाहावेत. 'फक्त २ नग शिल्लक' अशी पाटी लागते आणि चार दिवसांनीही दोनच शिल्लक असतात. सवलत संपायला दहा मिनिटे उरल्याचे घड्याळ टिकटिकते; पान बंद करून पुन्हा उघडले की ते पुन्हा दहापासून सुरू होते. चारशे नव्व्याण्णवची वस्तू शेवटच्या पायरीवर हाताळणी शुल्क, सेवा शुल्क असे नाना कर लावून घेत सहाशेच्या घरात पोचते. न मागितलेला विमा टोपलीत आधीच पडलेला असतो. होकाराचे बटण केशरी आणि ठसठशीत. नकार राखाडी, बारीक, आणि त्यावर मजकूर 'नको, मला बचत करायची नाही'! इंग्रज संशोधक हॅरी ब्रिग्नल याने २०१० साली या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. नाव नवे, प्रकार बाजारातला जुनाच.

हे सारे किरकोळ दुकानदारांचे चाळे आहेत असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली अॅमेझॉनवर दावा लावला. 'प्राइम'चे सभासदत्व एकदोन कळांत मिळे. ते सोडायचे तर चार पाने, सहा वेळा कळ दाबणे आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, असे त्या दाव्यात म्हटले होते. कंपनीच्या आत या वाटेला 'इलियड' असे नाव होते: होमरच्या त्या लांबलचक युद्धकाव्याचे! सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २५० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यांपैकी १५० कोटी ग्राहकांना परत करावयाचे होते. दोष मात्र तिने कबूल केला नाही.

भारतात कायदा नाही असे नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी आधीच खूण केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरण्यास मनाई केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या प्रकारांची यादीच प्रसिद्ध केली. पुढे काय झाले? २०२४ साली जाहिरातदारांच्याच स्वनियमन संस्थेने, अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, ५३ प्रमुख अॅप पाहिले. ५२ मध्ये एक तरी फसवी युक्ती आढळली. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितले की तीन महिन्यांत आपली तपासणी आपणच करा. नोव्हेंबरात २६ कंपन्यांनी आपल्या दुकानात असे काही नाही, असे लिहून दिले आणि सरकारने त्याचे जाहीर कौतुक केले. वाण्याने आपले वजन आपणच तोलावे, बरोबर भरले असे आपणच लिहून द्यावे, आणि निरीक्षकाने त्याला नारळ द्यावा, असा हा कारभार!

ग्राहक स्वतंत्र आहे, नको असेल तर त्याने निघून जावे, असे खुल्या बाजाराचे भाट सांगतात. स्वातंत्र्याचा हा अर्थ त्यांना सोयीचा आहे खरा. पण ज्याच्यावर फसव्या मांडणीचा घाव सर्वांत खोल बसतो तो कोण? चार इंचांच्या तडकलेल्या पडद्यावर प्रथमच खरेदी करणारी शेतमजूर स्त्री, मुलाने दिलेला फोन जपून वापरणारा निवृत्त गिरणी कामगार. बड्या दुकानांनी २०२१ साली मराठी आणली, ती मालाच्या नावांना आणि बटणांना. परतीच्या अटी पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतच राहिल्या. विकण्यापुरती मायबोली, भांडण्यापुरती परभाषा!

चळवळीतही एक वर्ग आहे. ऑनलाइन दुकान म्हणजे चंगळवाद, त्याची मांडणी म्हणजे रंगसफेदी, असे म्हणून तो मान फिरवतो. त्याला इतिहासाचा विसर पडलेला आहे. १८४४ साली रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी दुकान मांडले ते पीठ, लोणी, साखर विकण्यासाठी, आणि भेसळविरहित माल व पुरे वजन हाच त्यांचा जाहीरनामा होता. १९४८ साली नायगावात सुरू झालेले, पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आलेले भांडार त्याच वाटेवरचे. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून मागणीपत्रावर महिन्याचा माल पोचवला. त्या साध्या कागदावर वस्तू होती, भाव होता आणि मागणीचा रकाना होता. घड्याळ नव्हते. आज बचत गटांच्या पापड-मसाल्यांची संकेतस्थळे निघत आहेत, आणि ती बांधून देणारा कंत्राटदार त्यांत तेच खोटे घड्याळ बसवून देतो, कारण त्याला दुसरे शिकवलेलेच नाही. बायकांना तर कित्येकदा पत्ताही नसतो की आपल्या नावावर खोटे बोलले जात आहे.

सहकारी दुकानाच्या मांडणीचे नियम म्हणूनच कार्यकर्त्यांनी स्वतः लिहून कंत्राटदाराच्या हाती द्यावेत. पोचवणावळ व करांसह पूर्ण किंमत पहिल्याच पानावर. शिल्लक नगांचा आकडा गोदामाच्या वहीतला, नाहीतर मुळीच नको. वस्तू कोणी, कोणत्या गावी केली हे नाव. जाहिरातीचे पैसे घेऊन वर चढवलेला माल नको. खरेदीला जितक्या कळा, तितक्याच परतीला. अटी मराठीत, मोठ्या टाइपात. पान हलके, म्हणजे तालुक्याच्या मंद जोडणीवर जुन्या फोनमध्येही उघडेल. आणि अंधाच्या फोनने वाचून दाखवावे असे. यात एकही गोष्ट महाग नाही.

सरकारकडे मागणी वेगळी. वैधमापन निरीक्षकाला जसा काटा, तसा या दुकानांचा पडदा न कळवता, साध्या ग्राहकाच्या वेषात तपासण्याचा अधिकार जिल्हा पातळीवर कोणाला तरी मिळाला पाहिजे, आणि निष्कर्ष दुकानाच्या नावानिशी प्रसिद्ध झाले पाहिजेत. तोवर शाखांनी फसव्या पानांची छायाचित्रे तारीखवार गोळा करावीत, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारी नोंदवाव्यात, आणि दाद न लागल्यास तेच पुरावे घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढावी.