दसऱ्याची गाडी घाईत बुक करू नका

दसरा तोंडावर आला आहे. येत्या काही दिवसांत महाराष्ट्रातल्या हजारो घरांतली माणसं शोरूममध्ये जातील आणि घर सोडलं तर आयुष्यातली सगळ्यांत मोठी खरेदी तास-दीड तासात उरकून बाहेर पडतील. तुम्हीही त्यांच्यात असाल तर कळकळीची विनंती आहे. पहिल्या फेरीत बुकिंगचा एक रुपयाही देऊ नका. आणि समोरचा माणूस तुमच्या प्रश्नांना धड उत्तर देत नसेल, तर मुहूर्त गेला तरी चालेल, पण तिथून उठा.

जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरला एक शेतकरी मालवाहू गाडी बघायला शोरूममध्ये गेला होता. गाडी दहा लाखांची आहे, तुझ्या खिशात दहा रुपयेही नसतील, असं तिथला सेल्समन म्हणाला, अशी त्याची तक्रार होती. त्याने तासाभरात दहा लाख जमवून आणले, तेव्हा लगेच द्यायला शोरूमकडे गाडी नव्हती. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, देशभर गाजलं, शेवटी दिलगिरीही व्यक्त झाली. आपण सगळ्यांनी त्या शेतकऱ्याचं कौतुक केलं. पण ज्याला तासाभरात दहा लाख उभे करता येत नाहीत, जो वर्षानुवर्षं साठवलेले दोन लाख आणि पतपेढीचं कर्ज घेऊन येतो, त्याचं काय? त्याच्या पायातली चप्पल बघून त्याला तासभर ताटकळत ठेवलं, तर त्याची बातमी होत नाही. गाडीबद्दल माहिती मिळायला खिशातले पैसे दाखवावे लागू नयेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि तो पैसे भरण्याच्या आधीचा हक्क आहे.

बायकांना तर वेगळीच वागणूक मिळते. माझी धाकटी बहीण रोज घाट उतरून शाळेत शिकवायला जाते. तिची गाडी बघायला मी सोबत गेलो होतो. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकू नये, यासाठीची सोय कोणत्या व्हेरिएंटपासून मिळते, असं तिने विचारलं. सेल्समन माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘सर, मॅडमना लाल रंग छान दिसेल.’’ तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा माझ्याशीच बोलला, या वेळी हप्त्यांबद्दल. ती उठली आणि आम्ही निघालो. पुढे त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे एका मुलीने ब्रोशर उघडून व्हेरिएंटमधला फरक ओळ न् ओळ समजावला आणि जवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर बहिणीला स्वतः गाडी थांबवून, पुन्हा काढून बघायला लावली. गाडी तिथूनच घेतली. आवडलेली गाडी सोडून द्यायची गरज नसते. डीलर बदलला तरी पुष्कळदा भागतं. एकाच शहरात, नाहीतर शेजारच्या तालुक्यात त्याच गाडीचा दुसरा विक्रेता असतो.

शोरूममधल्या मुलांवर राग काढू नका, हेही मनापासून सांगतो. त्यांतले बरेच जण तुटपुंज्या पगारावर असतात आणि महिनाअखेरचं टार्गेट त्यांच्या मानेवर बसलेलं असतं. नुसती गाडी विकून डीलरला फार सुटत नाही, म्हणून विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी यांवर भर असतो. तुम्ही सुरक्षेबद्दल विचारता आणि उत्तर सीट कव्हरचं मिळतं, ते त्यामुळे. ‘आज बुक केलंत तरच ही ऑफर’ हे वाक्यही तिथूनच येतं. आवाज न चढवता, पण ठामपणे सांगा : सगळे आकडे लिहून द्या, घरी बसून बघतो.

हे लेखी कोटेशन म्हणजे ‘ऑन-रोड इतके इतके’ असा एक गोल आकडा नव्हे. त्यात ओळीओळीने फोड हवी. नऊ लाख एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली, तर महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी एकरकमी कर ९९ हजार रुपये होतो. नोंदणी फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५००. उपकरासारख्या आणखी काही लहान रकमा येतात. ‘आरटीओ’ या एका शब्दापुढे याहून बराच मोठा आकडा दिसला, तर फोड मागा आणि पावती सरकारी मिळणार का, ते विचारा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ चार्जेस म्हणून काही हजार लावले जातात. हे सरकारी शुल्क नाही. गोदामातून गाडी शोरूमपर्यंत आणणं हे विक्रेत्याचंच काम आहे, ती ओळ काढायला सांगा. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस घेतात. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. हे शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही.

सगळ्यांत जास्त दबाव विम्यावर येतो. ‘विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर डिस्काउंट नाही, डिलिव्हरीला उशीर होईल.’ घाबरू नका. नव्या खासगी कारला तृतीय पक्षाचा विमा ३ वर्षांचा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सगळीकडे सारखाच असतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र १ वर्षाचा घेता येतो, आणि त्याचे दर कंपनीगणिक वेगळे असतात. दोन-तीन कंपन्यांचे आकडे त्याच गाडीसाठी काढून आणा आणि शोरूमच्या आकड्याशेजारी ठेवा. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणं हा २०१९ च्या कायद्यानुसार प्रतिबंधात्मक व्यापार ठरतो. ॲक्सेसरीजच्या सक्तीच्या पॅकेजलाही हेच लागू आहे. अशी अट कुणी घातली तर भांडत बसू नका, ‘हेच मला ईमेलवर कळवा’ एवढंच म्हणा.

टेस्ट ड्राइव्ह तुम्ही घेणार तोच गिअरबॉक्स आणि तेच इंजिन असलेल्या गाडीची घ्या, आणि रोज चालवणाऱ्या माणसाने ती चालवावी. आईवडिलांना मागच्या सीटवर चढ-उतार करायला लावा. धडक चाचणीवरून गाडीला सुरक्षेची स्टार श्रेणी देणारी भारत एनकॅप ही देशातलीच योजना ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तुमच्या गाडीची चाचणी झाली आहे का, ते आपणच तपासा, कारण ‘एकदम सेफ आहे सर’ ही काही श्रेणी नव्हे.

पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर मागा आणि गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते बघा. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रातही उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. आठ-दहा महिने यार्डात उन्हापावसात उभी असलेली गाडी नव्याच्या भावात घेऊ नका.

आता मुहूर्ताबद्दल. दसऱ्याच्या सकाळी गाडीला हार घालून, नारळ फोडून ती घरी न्यायची हौस मला समजते, पण तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात देणं नियमात बसत नाही. ‘घेऊन जा, नंबर येईल आठवड्यात’ यावर विसंबू नका. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाल्यावर विमा कंपनीने दावा नाकारला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कंपनीची बाजू ग्राह्य धरली. गाडी गेली आणि भरपाईही गेली. पूजा शोरूममध्ये करा, पेढे तिथेच वाटा, गाडी नोंदणीचे कागद हातात आल्यावर रस्त्यावर आणा.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. तरी आज शिकलेली, कमावती माणसंही शोरूममधून अपमान गिळून बाहेर येतात आणि ‘जाऊ दे, सणासुदीला कटकट नको’ म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका. तुम्ही सोडून दिलंत की पुढच्या ग्राहकाला तेच भोगावं लागतं.

आधीच बुकिंग केलं असेल तर या आठवड्यात एवढं करा. डीलरला ईमेल पाठवून किमतीची फोड, चासी नंबर आणि बुकिंग रद्द केल्यास रक्कम कधी परत मिळेल, हे लेखी मागा, आणि त्याची प्रत कार कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. तिथेही काम झालं नाही, तर ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागता येते, ऑनलाइनही. वकील सक्तीचा नाही. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी २०० रुपये आहे. मुदत २ वर्षांची. म्हणजे गेल्या दसऱ्याला ज्यांची फसवणूक झाली, त्यांनाही अजून वेळ आहे. त्यांनी पावत्या आणि मेसेज आजच बाहेर काढावेत.