स्वस्तातली मोटार गावाला महाग

बैल घेताना तुम्ही दात बघता, जू ठेवून चार पावलं चालवून बघता. मग गावच्या पाणीपुरवठ्याची मोटार नुसत्या किमतीवर का घ्यावी?

कमीत कमी दराचा नियम वाईट नाही. पण निविदेत फक्त अश्वशक्ती लिहायची आणि विहिरीची खोली, हमीची मुदत, दुरुस्तीची जबाबदारी सोडून द्यायची, तर माल तसाच येणार. मग दर उन्हाळ्यात रिवाइंडिंगचं बिल आणि बायाबापड्यांच्या डोक्यावर हंडे!

अधिकाऱ्यांचीही अडचण आहे. जादा दराचा चांगला माल घेतला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. यावर उपाय एकच: हव्या त्या अटी निविदेआधी लिहा. अटी पुऱ्या करणाऱ्यांतला कमी दर घेतला, तर आक्षेपाला जागा राहत नाही.

केंद्राचं ‘जेम’ संकेतस्थळ २०१६ साली आलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला राज्य शासनाने खरेदीची सुधारित नियमपुस्तिका काढली. निविदा टाळण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडू नयेत, असा नियम आहे. तरी एकाच दुकानदाराने आणून दिलेली तीन दरपत्रकं फायलीला लागतात, हे कोणाला ठाऊक नाही?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांनी वर्षाची गरज एकदाच काढावी. आणि मंडळी, तुम्ही ग्रामसभेत विचारा: अटी काय होत्या? माल कोणी तपासला? हमी किती? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पैसा गावाचा आहे, विचारायला लाज कसली?