काळा लॅपटॉप कपाटातून बाहेर काढा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून आपल्या उज्जैनच्या मराठी घरांतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतंय : ‘हा लॅपटॉप आता गेला, नवा घ्यावा लागणार.’ मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला. त्याने जाताना ठेवलेलं जुनं यंत्र आईबाबा वापरत होते. त्यावर एक दिवस सूचना आली, घाबरून ते बंद केलं आणि साड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर गेलं. ते यंत्र काळं, चौकोनी असेल आणि झाकणावरच्या नावात लाल ठिपका असेल, तर माझी विनंती आहे : नव्याचे पैसे मोजण्याआधी ते एकदा खाली काढा.

मी थिंकपॅडवाला आहे. आमच्या फ्रीगंजात दोन-चार ओळखीचे चहाला जमले, की कोणाला नव्या फोनचं कौतुक असतं, कोणाला गाडीचं; मला या काळ्या यंत्रांचं. इंदूर-पुणे गाडीत समोरच्या बाकावर कोणी लॅपटॉप उघडला, तर माझी नजर आधी कीबोर्डाच्या मधोमध जाते. जी, एच आणि बी या तीन अक्षरांच्या मध्ये लाल बोंड दिसलं, की बोलणं सुरू होतंच. या नादामुळे शेजारपाजारचे लोक हक्काने बोलावतात. ‘अहो, जरा बघता का, सुरूच होत नाहीये,’ म्हणून काकूंचा फोन येतो आणि मी पेचकस घेऊन निघतो. या येण्याजाण्यात जे पाहिलं, त्यावरूनच हे लिहितोय.

पहिला रंगीत पडद्याचा थिंकपॅड, ७००सी, आयबीएमने १९९२च्या ऑक्टोबरात आणला. रूप रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराचं. जपानी जेवणाचा साधा काळा डबा त्याच्या डोळ्यांसमोर होता. घडण जपानच्या यामातो प्रयोगशाळेतली, आरिमासा नाइतो यांच्या हाताखालची. लाल बोंड टेड सेल्कर यांचं. टाइप करणाऱ्याचा हात माउसकडे जाऊन परत येतो, त्यात वेळ जातो, म्हणून बोटं अक्षरांवरून न हलवता बाण हलला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. २००५मध्ये आयबीएमचा हा सगळा धंदा लेनोवोकडे गेला, तरी काळा रंग आणि लाल बोंड टिकलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातही हेच लॅपटॉप वर्षानुवर्षं कामाला होते.

पण माझं प्रेम या इतिहासावर थोडं आणि दुसऱ्याच एका गोष्टीवर जास्त आहे. कंपनी प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका सगळ्यांसाठी मोफत ठेवते. कोणता स्क्रू कुठे, कोणता भाग आधी काढायचा, त्याचा क्रमांक काय, सगळं चित्रांसकट. साधा माणूसही ती वाचून काम करू शकतो.

२०१८चा टी४८० घ्या, आपल्याकडच्या जुन्या बाजारात तो भरपूर मिळतो. उघडायच्या आधी चालू करताना एफ१ दाबून आतल्या सेटिंगमध्ये जायचं आणि ‘पॉवर’खाली आतली बॅटरी बंद करायची. बाहेरची बॅटरी दोन खिट्या सरकवून काढायची. मग टेबलावर पालथा घालून खालचे सहा स्क्रू सैल करायचे. ते झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. कडेने जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवलं, की खटखट आवाज करत झाकण सुटतं. आत मेमरीच्या दोन खाचा, डिस्क, वायफायचं कार्ड, पंखा, सगळं समोर. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या जाळीवर धुळीचा थर जाजमासारखा बसलेला असतो. आपल्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले, त्याची धूळ वेगळीच. हा थर मऊ ब्रशने काढला, पंख्याची पाती बोटाने धरून हवा मारली, तर ‘लॅपटॉप तापतो, हळू चालतो’ ही निम्मी तक्रार तिथेच संपते. उन्हाळा लागण्याआधी, फाल्गुनात, हे एकदा कराच. ज्यांच्याकडे अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, त्यांनी तिच्या जागी एसएसडी बसवावी आणि मेमरी ८ जीबी करावी. यंत्राचा वेग लगेच जाणवेल.

वीज जाणं आपल्याला नवीन नाही. टी४८०मध्ये एक लहान बॅटरी आत असते आणि एक बाहेर. यंत्र चालू असतानाच बाहेरची काढून दुसरी भरलेली लावता येते. दिवसभर चार्जरला जोडून वापरत असाल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू ठेवा. सतत १०० टक्क्यांवर आणि उन्हाळ्यात तापत राहिलेली बॅटरी लवकर थकते. आणि टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असेल. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. यंत्र बंद करा आणि जाणकाराकडून ती काढून घ्या.

दुरुस्त करून वापरणं हा या गावाचा जुना संस्कार आहे. आपली वेधशाळा सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधली. पुढे तिची पडझड झाली. १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि त्यामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांचा आग्रह होता. सम्राट यंत्राची सावली आजही वेळ दाखवते, कारण तेव्हा कोणीतरी ‘जुनं झालं, सोडा’ असं म्हटलं नाही.

आता जुनं यंत्र विकत घेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण लोक फसतात ते इथेच. फ्रीगंज असो, इंदूरचा सिल्व्हर मॉल असो, बाजारात येणारे बहुतेक थिंकपॅड मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी निघालेले असतात. माल चांगला असतो, पण कुलूप राहिलेलं असू शकतं. दुकानात उभ्या उभ्या यंत्र चालू करा, लाल अक्षरांत नाव उमटलं, की एफ१ दाबा. पासवर्ड मागितला, तर तिथेच ठेवून द्या. दुकानदार म्हणेल, ‘भैया, पासवर्ड का क्या है, हम तोड़ देंगे.’ हा आतला पासवर्ड घड्याळाची छोटी बॅटरी काढून जात नाही. कंपनीच्या पुस्तिकेत यावर उपाय म्हणून मदरबोर्ड बदलायला सांगितलंय. तोडणारे कारागीर आहेत, पण विद्यार्थ्याच्या आईबापांनी त्या भानगडीत कशाला पडावं?

नंतर खालचा अनुक्रमांक कंपनीच्या मदत-पानावर टाका. यंत्र कारखान्यातून कोणत्या प्रोसेसरसह, कोणत्या पडद्यासह निघालं, ते तिथे दिसतं. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता हे दोन आकडे शेजारी शेजारी येतात. आजचा आकडा मूळच्या निम्म्याहून खाली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या. परदेशातून आलेल्या यंत्रांवर कधी जर्मन, कधी स्वीडिश कीबोर्ड असतो. प्रत्येक कळ दाबून बघा. टी४८०च्या बाबतीत यूएसबी-सीचं चार्जिंग आवर्जून तपासा. त्या पिढीच्या थंडरबोल्ट चिपमध्ये दोष होता. तिची साठवण भरून जायची आणि चार्जिंग बंद पडायचं. कंपनीने त्यावर सुधारित फर्मवेअर काढलं आहे, ते घातलंय की नाही, विचारा.

मॉडेलच्या नावावर विसंबू नका, प्रोसेसर बघा. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. टी४७० फार तर सातव्या पिढीचा, म्हणून तो बसत नाही. पण काही टी४८०सुद्धा सातव्या पिढीचे निघाले होते. ‘आय५-८२५०’ किंवा ‘८३५०’ असं, ८ने सुरू होणारं, लिहिलेलं हवं. आणि एक्स२८० हलका, देखणा आहे, पण त्याची मेमरी पक्की डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. मुलीला चार वर्षं इंजिनिअरिंग काढायचं असेल, तर देखणेपणापेक्षा खाचा महत्त्वाच्या.

मग सातव्या पिढीच्या आणि त्याहून जुन्या यंत्रांचं काय? त्यांच्यासाठी लिनक्स आहे. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घ्या, आधी न बसवता तिथूनच चालवून पाहा. पडदा, आवाज, वायफाय चालतंय ना, याची खात्री करून मग बसवा. थिंकपॅडवर लिनक्स चालवणारे जगभर इतके लोक आहेत, की अडचण आली तर उत्तर बहुधा आधीच कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. लेखन, हिशेबाचे तक्ते, व्हिडिओवरचं शिक्षण, नातवंडांशी बोलणं, सगळं होतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये जोडला, की मराठी टाइप करता येतं. ही रचना भारतीय मानकाने १९९१मध्ये ठरवलेली आहे. एकदा बोटांत बसली, की कुठल्याही संगणकावर तीच. मात्र तुमचं दुकान टॅलीवर चालत असेल, तर लिनक्सवर जाण्याची घाई करू नका. त्या कामाला विंडोज ११ घेणारं यंत्र ठेवा.

एखाद्या ब्रँडवर प्रेम करणाऱ्यांनाही मला काही सांगायचंय, मग तो ब्रँड कोणताही असो. दरवर्षी नवं मॉडेल घेणं म्हणजे प्रेम, असं जाहिराती शिकवतात. मला ते पटत नाही. यंत्र आवडत असेल, तर ते पूर्ण वापरा, आतून ओळखा, त्याच्या दोषांबद्दल मोकळं बोला. २०१५मध्ये लेनोवोच्या घरगुती लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं घातक जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं सापडलं होतं. थिंकपॅड त्यातून सुटले, तरी त्या कंपनीला जाब विचारणं हे आम्हा चाहत्यांचंही काम होतं. मधल्या वर्षांत थिंकपॅडही पातळ होत गेले, बाहेरची बॅटरी गेली, मेमरी डकवली जाऊ लागली. जुन्या चाहत्यांनी कुरकुर सोडली नाही. २०२४मध्ये आलेल्या टी१४च्या पाचव्या आवृत्तीला यंत्रं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीसोपेपणात १०पैकी ९ गुण दिले. आवाज उठवण्याचा उपयोग होतो, असं मी त्यातून घेतो. आपल्या सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कोणतीही वस्तू घेण्याआधी तिची दुरुस्ती-माहिती आणि सुटे भाग मिळतात का, हे तिथे पाहायची सवय लावा.

आता मुख्य मागणं. आपल्या विद्यापीठात, इंजिनिअरिंग कॉलेजात आणि गावातल्या शाळांत अशी मुलं आहेत, जी प्रकल्पाचा अहवाल फोनच्या पडद्यावर अंगठ्याने लिहितात. तुमच्या फळीवर पडलेलं यंत्र त्यांच्या हाती येऊ द्या. द्यायच्या आधी मात्र तीन-चार गोष्टी पाहा. यंत्र कंपनीने दिलेलं असेल, तर ते खरोखर तुमचं झालंय का, हे मुलाला त्याच्या ऑफिसात विचारून लेखी घ्यायला सांगा. फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून डिस्क पूर्ण पुसा. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. एफ१च्या आतला पासवर्ड घातला असेल, तर तो तुम्हीच काढून द्या, तुमच्यानंतर तो सहजासहजी काढता येणार नाही. चार्जर बरोबर द्या.

आणि जे खरोखर संपलंय, ते रद्दीवाल्याच्या गाडीवर टाकू नका. तांब्यासाठी वायर जाळतात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, तो धूर आणि ते पाणी आपल्याच आसपास राहतं. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्यानुसार बनवणाऱ्या कंपनीवर जुना माल मार्गी लावण्याची जबाबदारी आहे. कंपनीच्या मदत क्रमांकावर तसं विचारा, किंवा नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्या.

गणपतीच्या दिवसांत मंडळात सगळे भेटतातच. या वर्षी आरतीनंतर एका संध्याकाळी मी पेचकस, ब्रश आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह घेऊन मांडवाशेजारी टेबल मांडून बसेन. कोणत्याही कंपनीचा लॅपटॉप चालेल. सोबत चार्जर आणा, विंडोजचा पासवर्ड आठवून या आणि घरातल्या नववी-दहावीच्या मुलामुलीला बरोबर आणा. झाकण त्यांच्याकडूनच उघडून घेऊ.