जेवण झालं का, फादर?

४ ऑगस्ट हा संत जॉन मरी व्हियान्ने यांचा सण. फ्रान्समधल्या आर्स नावाच्या खेड्यात १८५९ साली याच तारखेला हे साधे गावपाद्री वारले. १९२५ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिलं आणि १९२९ मध्ये जगभरच्या धर्मग्रामांतल्या फादरांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचं नाव जाहीर केलं. त्यांच्या सणाच्या आसपासच्या रविवारी मिस्सानंतर फादरांना हार घालायचा, शाल द्यायची, मुलांनी एक गाणं म्हणायचं, अशी रीत ठिकठिकाणी पडली आहे. रीत चांगली आहे, ती चालू राहावी. आम्हाला बोलायचं आहे ते ५ ऑगस्टबद्दल. हार सुकल्यावर, शाल कपाटात गेल्यावर, सोमवारी संध्याकाळी वीज गेलेली असताना फादर एकटेच जेवायला बसतात, त्या वेळेबद्दल.

हे आम्ही बोलतोय ते आमच्या पांढुर्णा-सौंसरातून. पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणारी गोटमार आठवते. सौंसर म्हटलं की जामसावळीचा मारुती. आणि दोन्हीकडची संत्री. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. चर्चच्या नकाशावर मात्र या दोन्ही तहसिली नागपूर महाधर्मप्रांताच्या. राज्याची सीमा मधून गेली, धर्मप्रांताची गेली नाही. त्यामुळे इथल्या कॅथलिक माणसाचा सातबारा-खसरा भोपाळच्या राज्यात आणि बाप्तिस्म्याची नोंद नागपूरच्या छत्राखाली. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मध्य प्रदेशात ख्रिस्ती माणसं शंभरात धड अर्धासुद्धा नव्हती, ०.२९ टक्के. या दोन तहसिलींत तर घरं मोजकीच.

अशा ठिकाणी जो फादर येतो तो बहुधा इथला नसतो. कोणी केरळचा, कोणी वसईचा, कोणी झारखंडचा, कोणी गोव्याचा. हे आजचं नाही. १८४५ साली सॅव्हॉयमधल्या ॲनसी गावाहून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे पहिले मिशनरी भारतात आले, आणि त्यांच्या मागोमाग १८४९ मध्ये त्याच गावाहून सेंट जोसेफ संघाच्या सिस्टर. या मिशनऱ्यांच्या कामातूनच पुढे १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत उभा राहिला. २०१८ मध्ये नागपूरचे आर्चबिशप म्हणून ज्यांची नेमणूक झाली ते एलियास गोन्साल्विस मूळचे वसईकडचे, आणि त्याआधी अमरावतीचे बिशप. म्हणजे पावणेदोनशे वर्षं आपल्या वेदीवर उभा राहणारा माणूस कुठून तरी दुरून, आपलं घर मागे ठेवून आला आहे. बारावी किंवा पदवी झाल्यावर दहा-बारा वर्षं सेमिनरीत शिकायचं. त्या शिक्षणाची खूण नागपुरात एका टेकडीच्या नावातच आहे, सेमिनरी हिल्स. मग गुरुदीक्षा, मग नेमणूक, आणि काही वर्षांनी बदली. माणसं ओळखीची व्हायला लागली, कोणाची सून बाळंतीण आहे आणि कोणाचा बाप अंथरुणाला खिळला आहे हे कळायला लागलं, की बिशपांचं पत्र येतं.

रविवारची दुपार डोळ्यांसमोर आणा. सकाळी गावातली मिस्सा. मग दुचाकीवरून दहा-पंधरा किलोमीटरवर एखाद्या घराच्या ओसरीत दुसरी मिस्सा, तीही पाच-सहा माणसांसाठी. पावसात भिजून परत यायचं. दोन वाजता कुलूप उघडायचं, सकाळचा भात गरम करायचा, आणि शेजारी बोलायला कोणी नाही. सणाच्या दिवशी दहा घरांतून ताटं येतात; एका माणसाने ती संपवायची कशी? आणि पुढचे तीनशे दिवस कोणी विचारत नाही. हा आमच्या लोकांचा दुष्टपणा नव्हे. फादरांना काही लागत नसेल, त्यांची सोय ‘वरून’ होत असेल, असं आपण धरून चाललो आहोत.

तशी ती वरून होत नाही. चर्चच्या १९८३ च्या धर्मविधानात २२२ वं कलम सांगतं की चर्चच्या गरजा भागवणं आणि सेवकांचा निर्वाह नीट होईल हे पाहणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे. २८१ वं कलम धर्मगुरूंच्या आजारपणाची, अपंगत्वाची, म्हातारपणाची तरतूद व्हावी असं म्हणतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशच काढला. आपण चर्चमध्ये पाहुणे नाही, घरचे आहोत, हा त्या आदेशाचा गाभा. आणि घरच्यांनी घरच्याची चौकशी करायची असते.

हे काम पद्धतशीर हाती घेतलेली एक संघटना जगात आहे, सेरा क्लब. १९३५ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात चार कॅथलिक गृहस्थ एकत्र आले, सगळे नोकरीधंद्यातले. त्यातून पुढे हे ठरलं की धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या मुलांना आधार द्यायचा, जे झाले आहेत त्या फादरांना आणि सिस्टरांना एकटं पडू द्यायचं नाही, आणि हे करताना स्वतःचीही श्रद्धा घडवायची. १९५१ मध्ये हा क्लब व्हॅटिकनच्या पाचारणविषयक, म्हणजे धर्मगुरू-व्रतस्थ होण्याच्या हाकेविषयीच्या, कार्याशी जोडला गेला. आज तो अनेक देशांत आहे, आपल्या देशातही. नाव घेतलं ते कॅलिफोर्नियात मिशनं उभारणारे स्पॅनिश फ्रान्सिस्कन हुनिपेरो सेरा यांचं, ज्यांना २०१५ मध्ये संतपद मिळालं. त्या मिशनांत मूळ रहिवाशांना जे भोगावं लागलं त्याबद्दल त्यांचे वंशज आजही बोलतात, आणि त्यांचं दुःख खरं आहे. संतपदाचा आनंद मानताना ते ऐकून घ्यायलाच हवं.

आम्हाला या क्लबाच्या दोन साध्या रीती फार आवडतात. एक म्हणजे ‘एकतीसचा गट’. महिन्याच्या एकतीस तारखा, प्रत्येक तारीख एकेकाने घ्यायची आणि त्या दिवशी पाचारणांसाठी मिस्सात प्रार्थना करायची. दुसरी रीत म्हणजे एक चषक घरोघर फिरवायचा. आठवडाभर तो एका कुटुंबाच्या घरी राहतो, संध्याकाळी त्याच्यापुढे घरची माणसं प्रार्थनेला बसतात, पुढच्या रविवारी तो दुसऱ्या घरी जातो. ज्या घरात आठवडाभर चषक राहतो त्या घरातल्या मुलाला फादर म्हणजे फक्त वेदीवरचा झगा वाटत नाही.

पांढुर्णा-सौंसरात उद्याच क्लब काढा, असं आमचं म्हणणं नाही. अध्यक्ष, चिटणीस, वर्गणी, बैठका हे सगळं सांभाळायला माणसंच नाहीत. एकतीस तारखांना एकतीस घरं मिळायची नाहीत. मग एका घराने दोन तारखा घ्याव्यात, तीन घ्याव्यात. प्रार्थनेच्या जोडीला त्या दिवशी एक काम असावं. कोणी फोन करून विचारावं, “जेवण झालं का, फादर?” कोणी गाडीचं पंक्चर काढून द्यावं. कोणी विजेचं बिल भरायला जाताना फादरांचंही बिल मागून घ्यावं. आणि कोणी तरी भाषा शिकवावी. दुरून आलेला फादर आधी हिंदी शिकतो, मग आपली इथली मराठी त्याच्या कानावर पडते, आणि प्रवचनात एखादा शब्द भलताच निघतो. मागच्या बाकावरची पोरं खुसखुसतात. तेव्हा मिस्सानंतर एखाद्या आजीने हात धरून “असं नाही फादर, असं म्हणायचं” म्हणून शब्द नीट करून देणं, ही आम्हाला शालीपेक्षा मोठी भेट वाटते. शब्द नीट झाला की फादर त्या गावचे होतात.

व्हियान्ने यांची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. १८१८ मध्ये ते आर्सला आले तेव्हा गावात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. लॅटिन त्यांना जमत नसे, अभ्यासात ते मागे पडलेले, गुरुदीक्षा मिळते की नाही अशी वेळ आलेली. आर्सला येऊन ते उकडलेल्या बटाट्यांवर राहिले. एकदा उकडायचे, आठवडाभर खायचे. शेजारची एक विधवा काही करून आणायची, तर ते गरिबाला देऊन टाकायचे. पुढे त्यांची ख्याती झाली, दूरदूरची माणसं पापनिवेदनासाठी रांगा लावू लागली आणि हा माणूस दिवसाचे चौदा-सोळा तास त्या लाकडी कोठडीत बसू लागला. या सगळ्यात त्यांच्या पाठीशी कॅथरिन लासान्य नावाची गावातलीच एक मुलगी उभी होती. १८२४ पासून अनाथ मुलींचं घर तिने चालवलं, फादरांच्या अंगाला काही लागतंय का ते पाहिलं, आणि पुढे त्यांच्या आठवणीही लिहून ठेवल्या.

थकून व्हियान्ने एकदा नव्हे, अनेकदा आर्स सोडून निघाले. १८५३ मध्ये ते मध्यरात्री बाहेर पडले तेव्हा गावाला कळलं, घंटा वाजली, माणसं कंदील घेऊन रस्त्यात उभी राहिली आणि त्यांना परत घेऊन आली. चरित्रकार हे गावाच्या प्रेमाची साक्ष म्हणून सांगतात. प्रेम होतंच. पण दर वेळी ही गोष्ट वाचताना आमच्या मनात येतं की ज्या गावाला त्यांची इतकी गरज होती, त्या गावाने त्यांची झोपेची सोय किती केली? अडवायला अख्खं गाव आलं. त्याआधीच्या वर्षांत “फादर, आज लवकर झोपा, रांगेतल्या लोकांना आम्ही सांगतो” म्हणणारे किती होते? आपलंही असंच होतं. चांगल्या फादरांची बदली झाली की आपण सह्यांचा अर्ज घेऊन नागपूर गाठतो. तो अर्ज लिहिणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या स्वयंपाकघरात कधी डोकावले होते?

आणि सिस्टर? त्यांच्याबद्दल आमच्या मनात अधिक खंत आहे. फादरांसाठी ऑगस्ट तरी आहे. व्रतस्थांसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ पासून २ फेब्रुवारी हा दिवस ठेवला, तो आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? शाळेत शिकवतात त्या सिस्टर, दवाखान्यात पट्टी बांधतात त्या सिस्टर, खेड्यात बाईच्या उंबरठ्यावर बसून बचतगटाचा हिशेब समजावतात त्याही सिस्टर. त्यांनी गरिबीचं व्रत घेतलेलं असतं. पगार मिळाला तरी तो संघाकडे जातो. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारावर करकपात होणारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला तेव्हा ज्याचा पगार त्याच्या हाती राहत नाही अशा माणसांची गोष्ट देशभर चर्चेत आली. त्यांना पाकीट देऊन काही साधत नाही. त्यांना वेळ द्यावा लागतो. रात्रीच्या गाडीने जायचं असेल तर पांढुर्णा स्टेशनापर्यंत कोणी तरी सोबत यावं लागतं.

सोबत म्हणजे काय, हे याच राज्याने पाहिलं आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून सिस्टर राणी मारिया इंदूरच्या बसमध्ये बसल्या. केरळात घरी जायला निघाल्या होत्या. शेतमजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेकडे आणि बचतीकडे वळवणं हे त्यांचं काम होतं, आणि ते काहींना खुपत होतं. वाटेत त्यांच्यावर चाकूचे वार झाले, पन्नासहून जास्त. बस प्रवाशांनी भरलेली होती. कोणी मधे पडलं नाही. पुढे त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, त्याही त्याच फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघातल्या, २००२ मध्ये राखीच्या दिवशी तुरुंगात गेल्या आणि ज्याने खून केला त्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, त्यासाठी राणी मारिया यांच्याच कुटुंबाने आणि संघाने शब्द टाकला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारिया यांना धन्य घोषित केलं गेलं. क्षमेची ही गोष्ट आपण प्रवचनांत ऐकतो आणि डोळे पुसतो. त्या बसमधल्या रिकाम्या सोबतीची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

प्रापंचिकांनी सिस्टरांना आधार द्यायचा, असं आपण म्हणतो तेव्हा आधी कोणी कोणाला दिला हेही आठवावं. १८३३ मध्ये पॅरिसात विशीतल्या फ्रेडरिक ओझानामने मित्रांसह गरिबांच्या सेवेची जी मंडळी काढली, तिची सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी पुढे जगभर पसरली आणि आपल्याकडेही आली. त्या तरुणांना गरिबांच्या दारापर्यंत नेलं ते रोझाली रेंद्यू नावाच्या एका सिस्टरने. झोपड्यांची वाट तिला माहीत होती, त्यांना नव्हती.

आम्ही पाहिलेली एक छोटी गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एक बाई कॉन्व्हेंटमधल्या एका वयस्क सिस्टरांना आठवड्यातून एकदा डबा पाठवायच्या. स्टीलचा तीन पुडांचा, झाकणावर त्यांच्या सासूचं नाव कोरलेला. वरण, भाकरी, कधी कैरीचं लोणचं. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, हे केरळातून आलेल्या त्या सिस्टरांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. डबा परत यायचा तेव्हा त्यात कधी बागेतला कढीपत्ता, कधी दोन लिंबं, कधी मुलांच्या वहीच्या कागदात गुंडाळलेली साखर. सिस्टरांची बदली झाली त्या दिवशी शेवटचा डबा आला, त्यात जास्वंदीची एक फांदी होती, मुळं फुटलेली. ती आता त्या बाईंच्या अंगणात आहे.

या रविवारी मिस्सानंतर देवळाच्या दाराशी एक कागद लावावा, एवढंच आमचं मागणं आहे. त्यावर एक ते एकतीस आकडे. पहिल्या तारखेपुढे ज्याला लिहायचं असेल त्याने स्वतःचं नाव लिहावं, आणि बाजूला फादर की सिस्टर, तेही.