यवतमाळातला 'य' आणि 'ळ'

यवतमाळ हे नाव 'य'ने सुरू होतं आणि 'ळ'वर संपतं. 'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं, हवा बाजूंनी सुटते; म्हणून तो मूर्धन्य पार्श्विक व्यंजन. 'य'ला जीभ टाळूजवळ जाते, पण टेकत नाही. 'इ' या स्वराचा हा सख्खा शेजारी, म्हणूनच अर्धस्वर. प्राचीन वैयाकरणांनी य, र, ल, व यांना 'अंतस्थ' म्हटलं. यवतमाळकडच्या वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो: डोळा 'डोया', काळा 'काया' आणि बैलांचा पोळा 'पोया'. याला अशुद्ध म्हणणं अन्यायाचं आहे. जिभेचा स्पर्श सुटतो आणि व्यंजन स्वराकडे सरकतं, इतकंच. फ्रेंचमधला 'ल्य'सारखा जुना पार्श्विक ध्वनीही असाच 'य' झाला, आणि तो तिथे आज प्रमाण उच्चार आहे.